चेहरे सुजलेले नाहीत, टीव्ही ताणतोय

पत्र: “आमचे अप्पा, म्हणजे सासरे, वय 76. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड-दोन महिने घरातच आहेत. मुलगी 13 वर्षांची. दोघांनी एकत्र बसावं म्हणून दर रविवारी एक जुना कृष्णधवल चित्रपट लावायचा असं ठरवलं. पहिल्या रविवारी ‘संत तुकाराम’ लावला. सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे, आवाज विहिरीतून आल्यासारखा. वीस मिनिटांत बंद केला. पुढच्या रविवारी ‘जगातले सर्वोत्तम 100’ अशा एका यादीतून जपानी ‘सेव्हन समुराई’ निवडला आणि रात्री साडेनऊला लावला. अप्पांना खालच्या इंग्रजी ओळी वाचता येईनात, त्यांना झोप लागली. मुलीनं मोबाइल काढला. आता ती विचारते, ‘मुघल-ए-आझम’ रंगीत झाला तसे हे सगळे रंगीत का नाही मिळत? अजून सहा रविवार हातात आहेत. टीव्ही 43 इंची. काय लावू आणि कुठल्या क्रमानं?”
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

चित्रपट दोन्ही उत्तमच निवडलेत तुम्ही. पहिल्या रविवारी घात केला तो प्रतीनं आणि टीव्हीनं, दुसऱ्या रविवारी वेळेनं आणि भाषेनं. म्हणून याद्यांकडे नंतर वळू, आधी टीव्ही सरळ करू. शनिवारी अर्धा तास काढा. ही कामं एकदाच करायची आहेत.

चेहरे सुजतात कारण जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस असते. उंची 1 धरली तर रुंदी 1.37. तुमच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या 1.78 पट आहे. पडदा भरलेला दिसावा म्हणून कुणीतरी, म्हणजे प्रत चढवणाऱ्यानं किंवा तुमच्या टीव्हीनं, चित्र आडवं ताणलंय. 43 इंची टीव्हीचा पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न उंच असतो. त्यावर या काळातलं चित्र 73 सेंटिमीटर रुंदच दिसायला हवं आणि दोन्ही बाजूंना 11-11 सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या राहायला हव्यात. टेप लावून मोजा, लाजू नका. पट्ट्या नसतील तर काहीतरी बिघडलंय. त्या पट्ट्या पाहून “चित्र अर्धवट येतंय” असं घरात कुणीतरी म्हणणारच. ते अर्धवट नाही, तेवढंच आहे.

बिघाड दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. चित्र ताणलेलं असेल तर गोल वस्तू अंड्यासारख्या दिसतात: घड्याळाची तबकडी, गाडीचं चाक, तबल्याचं तोंड. चित्र कापलेलं असेल तर गोल गोलच राहतं, पण माणसांचे कपाळावरचे केस आणि पायांची बोटं जातात, श्रेयनामावलीतल्या वरच्या-खालच्या ओळी तुटतात. ताणलेलं चित्र रिमोटवरच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये 4:3 निवडून परत आवळता येतं. काही स्मार्ट टीव्हींवर यूट्यूब चालू असताना हा पर्याय फिका होऊन बसतो, मग सरळ दुसरी प्रत शोधायची. स्वतःची डीव्हीडी किंवा फाइल असेल तर लॅपटॉप टीव्हीला जोडून व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं ‘ए’ दाबत जा, चौकटीचं प्रमाण बदलत जातं. कापलेल्या चित्राला मात्र औषध नाही. जे कापलं ते गेलं.

आता पिक्चर मोड. दुकानातून आल्यापासून बहुतेक टीव्ही ‘व्हिविड’ किंवा ‘स्टँडर्ड’वर असतात. ‘फिल्ममेकर’ असेल तर तो, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगवर तिचं नाव ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. चित्रपटात सेकंदाला 24 चित्रं असतात. ही सोय मधली चित्रं स्वतः रचून घालते आणि 1936 चा देहू गाव आजच्या मालिकेच्या सेटसारखा दिसायला लागतो. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद. जुन्या फिल्मचे बारीक दाणे हा कचरा नव्हे, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. ते पुसले की चेहरे मेणाचे होतात. ‘शार्पनेस’ शून्याजवळ आणा, नाहीतर माणसांभोवती पांढरी रेघ उमटते. वीज वाचवणारा मोड बंद करा, कारण रात्रीच्या प्रसंगांत तो पडदा आणखी अंधारतो. चित्रावर हिरवट किंवा गुलाबी झाक असेल तर ‘कलर’ थेट शून्यावर न्या. फक्त मूकपटांच्या वेळी हे करू नका, काही प्रतींत रात्रीच्या प्रसंगांना निळी, दिव्याच्या उजेडाला पिवळी छटा मुद्दाम दिलेली असते.

चित्र आता लहान झालंय, म्हणून अप्पांची खुर्ची पुढे घ्या. पाच ते सहा फुटांवर बसले तर चेहऱ्यावरचे भाव नीट दिसतील. खोलीतली ट्यूब बंद, टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा चालू. पूर्ण अंधार वयस्कर डोळ्यांना त्रास देतो आणि समोरची ट्यूब काळ्या रंगाचा राखाडी करून टाकते.

विहिरीतला आवाज हा सराउंडचा प्रताप. या चित्रपटांचा ध्वनी एकाच पट्टीवर, फिल्मच्या कडेला प्रकाशानं नोंदलेला असतो. त्यात खूप खालचे आणि खूप वरचे स्वर मुळातच नसतात. टीव्ही किंवा साउंडबार त्यातून नसलेलं काढायला जातो आणि घुमारा पैदा करतो. ‘सराउंड’, ‘बास बूस्ट’, ‘म्युझिक’ सगळं बंद. ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘स्पीच’ चालू. आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर टीव्हीच्या ‘अॅक्सेसिबिलिटी’मध्ये ‘मोनो ऑडिओ’ सापडतो का पाहा. सतत हलकी खरखर ऐकू येते ती चालेल. खरखर अजिबात नाही पण माणसं पाण्याखालून बोलतात, अशी प्रत मात्र टाळा. तिच्यावर कुणीतरी सफाईचा अतिरेक केलेला असतो.

एकाच चित्रपटाच्या दहा-दहा प्रती इंटरनेटवर का असतात, हेही कळलं की निवड सोपी जाते. आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. त्यामुळे ‘प्रभात’चे सगळे आणि 1950 च्या दशकातले चित्रपट आता हक्काबाहेर आहेत आणि ज्याच्या हाती जी प्रत लागली ती त्यानं चढवली आहे. शोधताना नावापुढे वर्ष लिहा. ‘श्यामची आई’ 1953 चा आहे आणि 2023 चाही, आणि गंमत म्हणजे दोन्ही कृष्णधवल! मग लांबी बघा. ‘संत तुकाराम’ 131 मिनिटांचा. 126 मिनिटांची प्रत दिसली तर घाबरू नका, ती कापलेली नसते. जुन्या टीव्हीसाठी बनवलेल्या प्रतीत सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रं पळतात, म्हणून लांबी चार टक्क्यांनी घटते आणि गाणी किंचित वरच्या पट्टीत जातात. पण दोन तासांच्या आतली प्रत म्हणजे अभंग किंवा प्रसंग गळालेले. नुसती सर्वांत लांब प्रत उचलणंही बरोबर नाही, तिच्यात कधी जाहिराती भरलेल्या असतात, कधी एखादं रीळ दोनदा लागलेलं. मधल्या कुठल्याही गाण्यावर जा आणि ओठ आणि स्वर जुळतात का पाहा. शेवटी दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता हातानं सर्वांत वरचा निवडा. प्रत मुळात सुमार असली तरी वरच्या दर्जात फाइल लहान करण्यासाठीची दाबादाबी कमी असते आणि चेहऱ्यांवर चौकोन उठत नाहीत.

आता मुलीचा प्रश्न, आणि तो बिनतोड आहे. रंगीत का नाही? तिला सांगा, मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘मोनो’ फिल्टर लाव आणि जास्वंदीचं फूल त्याच्या हिरव्या पानांसकट टिप. डोळ्यांना लाल आणि हिरवं केवढं वेगळं, फोटोत जवळजवळ एकच राखाडी. मग फुलावर बाजूनं टॉर्च मार आणि पुन्हा टिप. आता फूल पानांतून सुटून पुढे येईल. कृष्णधवल चित्रपटाचा छायालेखक दिवसभर हेच करत असतो. रंग त्याच्या मदतीला नसतो, म्हणून माणूस भिंतीपासून वेगळा काढायचा तर मागून उजेड, डोळे दाखवायचे तर समोरून एक बारीक दिवा, मन दाखवायचं तर अर्धा चेहरा सावलीत. यावर नंतर रंग चढवले की साडी हिरवी होते, पण ती सावली कशासाठी होती ते हरवतं. ‘मुघल-ए-आझम’ 1960 मध्ये आला तेव्हाच त्यातला काही भाग रंगीत होता, शीशमहालातलं गाणं त्यातलंच. उरलेला 2004 मध्ये संगणकावर रंगवला. तिनं तो रंगीत पाहिला यात बिघडलं काही नाही. एकदा तिला मूळचा काळापांढरा अर्धा तास दाखवा आणि तिचं तिला ठरवू द्या.

वेळ बदला. रात्रीचे साडेनऊ नको, संध्याकाळचे पाच ठेवा. अप्पांचा गुडघा लक्षात घेऊन चार रिळांनंतर थांबायचं. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांचं, म्हणजे चार रिळं म्हणजे पाऊण तास. पाय मोकळे करायला दहा मिनिटं, चहा, मग पुढची चार रिळं. रीळ जिथे संपतं तिथे बहुतेकदा प्रसंगही संपतो, म्हणून पाऊण तासाच्या आसपास पडदा काळा पडला की तिथेच थांबा, मध्येच तोडू नका.

उरलेल्या सहांपैकी पहिल्या रविवारी मराठी लावू नका. हे वाचून अप्पा रागावतील, पण कारण आहे. आधी घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना कळू दे की नीट जपलेली कृष्णधवल प्रत दिसते कशी. म्हणून चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’, 1936, 87 मिनिटं. त्याच्या डागडुजी केलेल्या प्रती स्वच्छ आहेत. वाचायला इंग्रजी पाट्या मोजक्या, तुम्ही त्या मोठ्यानं मराठीत सांगत गेलात की झालं. कारखान्यातला जेवण भरवणाऱ्या यंत्राचा प्रसंग लागला की 76 आणि 13 एकाच वेळी हसतात की नाही ते बघा. यानंतर टीव्हीचं काही बदलू नका, तेच सेटिंग पुढे वापरायचं.

दुसरा रविवार ‘जगाच्या पाठीवर’चा. 1960, दिग्दर्शक आणि नायक राजा परांजपे, पटकथा आणि गीतं गदिमांची, संगीत सुधीर फडके यांचं. अप्पांना गाणी तोंडपाठ असतील, त्यांना गाऊ द्या, गप्प बसवू नका. चॅप्लिन आधी का, ते इथे उलगडतं. साधाभोळा, जगाकडून ठेचा खात चाललेला माणूस, हसता हसता घसा दाटून येणं, हे मुलीनं आदल्या रविवारी पाहिलेलं असेल. मधल्या एखाद्या संध्याकाळी ‘सिटी लाइट्स’ (1931, तोही 87 मिनिटं) दाखवलात तर आणखी चांगलं. आंधळी मुलगी दोन्हीकडे आहे, एकीकडे फुलं विकणारी, दुसरीकडे गाणारी. सीमा देव यांनी ती केली आहे. दोन्हींत दिसणं आणि ओळखणं यांतला फरक कसा वापरलाय, त्यावर मुलगी तुमच्याशी वाद घालेल.

अप्पांची तब्येत हसण्याच्या बाजूला झुकत असेल तर याच रविवारी ‘गुळाचा गणपती’ लावला तरी हरकत नाही. 1953 चा, पु. ल. देशपांडे यांचा, म्हणजे लेखन, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका सगळंच. भीमसेन जोशींच्या आवाजातला ‘इंद्रायणी काठी’ हा अभंग मूळचा याच चित्रपटातला, आणि तो गदिमांनी लिहिलाय, कुठल्या संतानं नव्हे.

तिसरा रविवार छोटा ठेवा आणि तो तुमच्या गावचा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. त्यांचा ‘कालिया मर्दन’ (1919) बराचसा शिल्लक आहे, पाऊण तासाहून थोडा जास्त. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी, वय सातच्या आसपास. सुरुवातीला ती वेशाविना कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. तुमच्या मुलीला ही मिनिट-दोन मिनिटं बाकीच्या सगळ्या चित्रपटापेक्षा आवडतील असा आमचा अंदाज आहे.

मूकपटात हमखास होणारी गडबड वेगाची. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत आणि सेकंदाला साधारण 16 ते 18 चित्रं घेत. तेच 24 नं पळवलं की माणसं टुणटुण उड्या मारत चालतात, आणि पोरं त्यालाच विनोद समजतात. प्रत तशी दिसली तर प्लेअरमध्ये वेग 0.75 करा. 24 चे 18 होतात आणि चालणं माणसासारखं होतं. 48 मिनिटांचा चित्रपट 64 मिनिटांचा होईल. सोबत चिकटवलेलं पियानोचं संगीत बंद करा, घरात पेटी किंवा बासरीची रेकॉर्ड असेल ती लावा. आणखी एक बघायला सांगा: आकाश कायम कोरं पांढरं आणि कुंकू-ओठ काळे. त्या काळच्या फिल्मला निळं फार उजळ दिसे आणि लाल दिसतच नसे. ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली दोन रिळंही याच संध्याकाळी बसतात. तारामती झालेले अण्णा साळुंके हे पुरुष आहेत, हे आधी सांगू नका.

चौथ्या रविवारी पुन्हा ‘संत तुकाराम’. आता डोळे तयार झालेले असतील. 1936, ‘प्रभात फिल्म कंपनी’, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. 1937 च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली हे पाठ्यपुस्तकी वाक्य सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्ष बघताना काय बघायचं ते कुणी सांगत नाही. पहिल्याच प्रसंगात कान द्या. तुकोबा आणि त्यांच्यावर जळणारा सालोमालो, दोघांच्या तोंडी तोच अभंग आहे. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस तो स्वतःशीच म्हटल्यासारखा गातात, आवाज चढवत नाहीत. सालोमालो नाटकातल्या गवयासारखा ताना घेत, ऐकणाऱ्यांकडे बघत गातो. एकही शब्द न बोलता दोघं कोण आहेत ते कळतं. यासाठीच तो घुमारा आधी काढायला सांगितला, घुमाऱ्यात हा फरक बुडून जातो.

मग चमत्कारांकडे दुर्लक्ष करा आणि जिजाईकडे बघा. ही भूमिका गौरी या अभिनेत्रीची. नवरा देवापाठी, घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ती पायातलं पायताण हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. तेरा वर्षांच्या मुलीला या चित्रपटात शिरायची वाट इथून आहे, पुष्पक विमानातून नाही. विमानाचं दृश्य आज कुणाला भाबडं वाटेल, पण त्याही क्षणी चित्रपट जिजाईला आणि तिच्या पोरांना विसरत नाही. अप्पांसाठी एक कोडं ठेवा: ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग कुठल्या गाथेत आहे? कुठल्याच नाही. तो शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिला, चाल केशवराव भोळे यांची. भल्याभल्यांनी तो तुकोबांचा समजून उद्धृत केला आहे.

पाचव्या रविवारी ‘कुंकू’ (1937, दिग्दर्शक व्ही. शांताराम, हिंदीत ‘दुनिया न माने’). अडीच तासांच्या पुढे जातो, म्हणून चारलाच बसा आणि तीन थांबे घ्या. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी ती इतक्या ताठ मानेनं केली आहे की चित्रपट 1937 चा आहे हे विसरायला होतं. वकील झालेत केशवराव दाते, आणि त्यांना नुसता खलनायक करून सोडलेलं नाही, हीच यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. त्यांच्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे. घरातल्या तरुण सावत्र मुलाची नजर वाईट आहे, तो भाग आणि शेवट तुम्ही आधी एकट्यानं पाहून ठेवा, मग मुलीशी काय आणि किती बोलायचं ते तुम्हाला ठरवता येईल. आमच्या मते तेरा हे वय या चित्रपटासाठी योग्य आहे, पण आई म्हणून तुमचं मत आमच्या वरचं.

‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. दाराची कडी, पावलं, घड्याळाची टिकटिक, बाहेरचा गलका एवढंच. गाणं आलं तर त्याचं वाद्य किंवा ग्रामोफोन त्या प्रसंगातच असतो. म्हणून मध्येच आवाज गेला असं वाटून रिमोट उचलू नका. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ यात जवळजवळ एक पात्र आहे, आणि तुमच्यासाठी ते दुहेरी कामाचं: त्याची तबकडी गोल दिसतेय ना, तेवढं पहिल्या दहा मिनिटांत बघून घ्या.

सहाव्यासाठी दोन पर्याय ठेवा. ‘श्यामची आई’ सगळे सुचवतील. आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, वनमालाबाईंची आई विसरता येत नाही, हे सगळं खरं. पण घरात आजारपण असताना शेवटच्या अर्ध्या तासाचं रडं नको असेल तर बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ (1953) घ्या. तोही हसवत नाही, पण रडवून सोडत नाही, चिडवतो. कोलकात्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढणारे बलराज साहनी आणि दोन रिक्षांची ती जीवघेणी शर्यत. 1952 च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तिथे रॉय यांनी इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (1948) पाहिला आणि त्यातून हा उभा राहिला. तो इटालियन चित्रपट 89 मिनिटांचा, बाप, मुलगा आणि चोरीला गेलेली सायकल एवढीच गोष्ट. भाषा न कळता निम्म्याहून अधिक समजतो. शनिवारी तो आणि रविवारी ‘दो बीघा’ अशी जोडी जमली तर तो आठवडा छान जाईल.

सहाच्या बाहेर राहिलेल्यांविषयी थोडक्यात. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (1965) गाण्यांसाठी हवाच. संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर, हे मुलीला बहुधा ठाऊक नसेल. रहस्य हवं असेल तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964). पुढे त्याचाच हिंदीत ‘मेरा साया’ झाला, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट आधीच माहीत असणार, म्हणून अप्पांना विचारून घ्या. ‘सामना’ तुम्ही आणि अप्पा दोघांनी मुलगी क्लासला गेल्यावर बघा. तेंडुलकरांचे संवाद, निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर, 1975 च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. ‘कागज के फूल’ (1959) अख्खा आत्ता नको, त्यातली उदासी घरभर पसरते. त्यातलं गीता दत्तचं ‘वक्त ने किया’ एवढं गाणं मात्र मुलीला त्या जास्वंदीच्या प्रयोगानंतर दाखवा. स्टुडिओत वरून तिरका पडणारा तो उजेडाचा झोत दिव्याचा नाही. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं ऊन आरशांवरून परतवून आत आणलंय. हा सिनेमास्कोप, म्हणजे फार रुंद चौकटीचा चित्रपट असल्यानं पट्ट्या बाजूंना न येता वर-खाली येतील, ते बरोबर आहे.

मुलीसाठी एक इंग्रजी: ‘12 अँग्री मेन’ (1957, 96 मिनिटं). एक बंद खोली, बारा माणसं, एका मुलाच्या मृत्युदंडाचा प्रश्न. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी पहिला तृतीयांश डोळ्यांच्या वरून, दुसरा डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून चित्रित केला, आणि लेन्सही क्रमानं बदलत नेल्या. त्यामुळे खोली आक्रसत जाते, शेवटाकडे छत दिसायला लागतं. तिला फक्त एवढंच विचारा, छत पहिल्यांदा कधी दिसलं? मोबाइल आपोआप बाजूला पडेल. अप्पांना तीच गोष्ट हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये मिळेल.

आणि ‘सेव्हन समुराई’ कायमचा फेकून देऊ नका. 207 मिनिटांचा आहे आणि मध्यंतर मूळ चित्रपटातच दिलेलं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दोन दुपारी दोन तुकड्यांत, सबटायटल्सचा आकार ‘लार्ज’ आणि मागे काळी पट्टी लावून मुलीबरोबर बघा. अप्पा तोवर काठीशिवाय कोपऱ्यापर्यंत फिरायला जाऊ लागले असतील.